बक्कलातली क्लिप

दिवा जरा इकडं सरकवा. उभ्या गावाच्या खोड्या काढल्या म्या, पण ही एक अजून फिटली न्हाय.

माझा दोस्त शांतलिंग. नवी गाडी घेतली त्यानं, पण पोट हे एवढं. बेल्ट लावला की गुदमरायचा, न लावला की घंटी वाजायची. म्हणलं, "थांब, तिचं तोंडच बंद करतो."

नळदुर्ग रोडला भंगारात एक चेपलेली गाडी होती. तिच्या बक्कलात नुसतीच क्लिप खोचलेली, पट्ट्याबिगर. गाडीनं समजावं, बेल्ट लावलाय. भंगारवाला भागवत म्हणाला, "ती नका नेऊ, आबा. तिच्यापायीच गाडीतली बाई गेली."

"मग आता तिच्या काय कामाची?" म्हणत म्या खिशात घातली.

त्याच्या बक्कलात खोचली, शांतलिंग खूश. भर दुपारी आमी दोघं अणदूरला खंडोबाकडं निघालो. म्या मागं पाय पसरून. उसाच्या रानातून जाताना घंटी वाजायला लागली.

"गुंड्या, तुझी क्लिप फसली की."

"तुझ्या सीटची न्हाय. शेजारच्या सीटची वाजतीय."

त्या सीटवर नारळाची पिशवी होती. म्या ती मांडीवर घेतली. घंटी चालूच. ओल्या कुंकवाचा वास सुटला. मग खट् झालं, अन् घंटी थांबली.

रिकाम्या सीटचा बेल्ट लागला होता. सीटला टेकलेला न्हाय... वीतभर पुढं, अंगावर असतो तसा. सावकाश वरखाली होत होता.

"शांतलिंग... समोर बघ."

त्यो तिकडंच बघत राहिला. समोर उसाची ट्रॉली उभी होती.

माझा खुबा मोडला. दोन्ही एअरबॅगा फुटून लोंबत होत्या. शांतलिंग काचेवर आपटून जागीच गेला होता. बेल्टाबिगर एअरबॅग एकटी काय करणार. शेजारची एअरबॅग पांढरीफेक, अन् कपाळाच्या उंचीला कुंकवाचा ठसा.

माणसं जमायच्या आत म्या क्लिप काढली. पुढं काठीवर चालायला लागलो तवा पडक्या विहिरीत टाकली. कुणाला सांगितलं न्हाय.

आज सकाळी शांतलिंगची लेक प्रतीक्षा आली, स्वतःची गाडी घेऊन. "बसा काका, तुळजापूरला जाऊन येऊ."

तिचा बेल्ट खांद्यामागं लोंबत होता.

"पोरी, बेल्ट?"

"असू द्या हो. हिची घंटी वाजतच न्हाय."

म्या वाकलो. बक्कलात क्लिप होती. ओली, शेवाळलेली. एका हातानं ओढली, मग दोन्ही हातांनी.

निघंना.