एका ओळीत दोघं

"शर्वरीबेन, केम छो?" अशी फोनची सुरुवात झाली की खुशाल समजावं, फुकटचं काम आलं. बळवंतराव मंडळाचे चिटणीस, आणि चिकाटी अशी की नाही म्हणणाराच थकावा. बडोद्यातल्या मराठी मंडळाची सभासद-यादी वेबसाइटवर टाकायचं काम त्यांनी असंच शर्वरी शिर्केच्या गळ्यात मारलं.

काम तसं किरकोळ. सगळ्यांची माहिती एका कोष्टकात भरलेली. वेबसाइटच्या पानाने ती उचलायची, आणि कुणाचं काय दाखवायचं ते नियमांनी ठरवायचं. मांजलपूरच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून शर्वरीने तीन नियम लिहिले. मृत्यूची तारीख भरलेली असेल तर नावाआधी 'कै.' लावायचं आणि पत्ता गाळायचा. पत्ता रिकामा असेल तर ती ओळच दाखवायची नाही. आणि नवराबायकोचा पत्ता एकच असेल तर दोघांना एका ओळीत घ्यायचं.

घोडं अडलं ते एकाच नावापाशी. मुकुंद शिर्के. तिचा नवरा.

सात वर्षांपूर्वीच्या एका शनिवारी मुकुंद "आलोच" म्हणून निजामपुऱ्याच्या घरातून निघाला. दुसऱ्या दिवशी त्याची स्कूटर सिंधरोटला महीच्या काठावर सापडली, किल्ली लावलेली. माणूस नाही, चप्पल नाही, काही नाही. पुढे घर बदललं. स्कूटर इथे खाली पार्किंगमध्ये धूळ खात उभी राहिली, आणि किल्ली दाराजवळच्या खिळ्याला. तिला कुणी हात लावत नसे.

"सात वर्षं झाली, बेन," बळवंतराव हळूच म्हणाले. "एक तारीख टाकून द्या आता. यादी पुरी होईल."

"बघते, काका."

तारखेची चौकट रिकामी होती. रिकामी म्हणजे माणूस आहे, असं थोडंच? रिकामी म्हणजे माहीत नाही, एवढंच. शर्वरीने मधली वाट काढली. मुकुंदचा जुना पत्ता पुसला. म्हणजे ओळ दिसणार नाही, आणि 'कै.'ही लागणार नाही. सासूबाईंना, अहल्याबाईंना, तिने तसं सांगितलं.

"बरं केलंस," त्या म्हणाल्या, आणि चष्मा पुसत बसल्या.

सोमवारी ओळ दिसली. 'मुकुंद शिर्के, सिंधरोट.'

शर्वरीने कोष्टक उघडलं. पत्ता खरंच भरलेला. बदलाची वेळ, दुपारचे चार वीस. बदल कुणी केला, ती चौकट रिकामी. घ्या! मेली ही कसली थट्टा? तिने पासवर्ड बदलला, पत्ता पुसला आणि बळवंतरावांना फैलावर घेतलं. ते बिचारे गांगरून गेले. त्यांना तर फोटो पुढे पाठवायलासुद्धा सून लागायची.

मंगळवारी चार वीसला पत्ता आला, 'सेवासी'. बुधवारी, 'गोत्री'.

सिंधरोटहून बडोद्याला यायचा तो रस्ता. अहल्याबाई आपल्या मोबाइलवर तेच पान उघडून बसल्या होत्या.

"चालत येतोय," त्या म्हणाल्या. "स्कूटर इथे राहिली ना त्याची."

शर्वरीच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण खरं सांगायचं तर भीतीच्या खाली दुसरंच काहीतरी उसळत होतं. सात वर्षं जिवाचे कान करून जो यावा म्हणून ती बसली, तो रोज थोडा जवळ येत होता. गुरुवारी तिने पत्ता पुसला नाही. 'अकोटा.'

शुक्रवारी, 'मांजलपूर.' नुसतंच; इमारतीचं नाव नाही, फ्लॅटचा नंबर नाही.

मांजलपूरचं हे घर मुकुंदने कधी पाहिलंच नव्हतं.

संध्याकाळी बळवंतरावांचा फोन. "उद्या यादी सगळ्यांना खुली करायची, बेन. ती तारीख तेवढी..."

शर्वरीने तारीख टाइप केली. हा नियम सगळ्यांत पहिला. तो लागला की पत्ता गेला आणि रस्ता मिटला. बोट बटणावर ठेवून ती बसून राहिली. मुकुंदचा आवाज आठवायला गेली, तर 'आलोच'शिवाय एक शब्द सापडेना. दहा वर्षांचा संसार, आणि उरला एक शब्द! तिला रडू कोसळलं. तारीख तिने एकेक आकडा करत खोडली.

"ये रे," ती म्हणाली. "कसाही ये."

शनिवारी चार वाजता तिने चहाचं आधण ठेवलं. तीन कप मांडले.

"आलं जास्त घाल," अहल्याबाई म्हणाल्या. "त्याला लागतं."

चार वीस झाले.

बेल वाजली नाही.

शर्वरीने पान पुन्हा उघडलं. मुकुंदची ओळ नव्हती. तिने यादी खाली सरकवली. तिची स्वतःचीही ओळ नव्हती.

मग दिसलं. एकच ओळ. 'मुकुंद व शर्वरी शिर्के.'

"आई!" ती हसत होती, रडत होती. "आई, एका ओळीत आलो आम्ही! पत्ता जुळला!"

अहल्याबाईंनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला.

"अगं, पण पत्ता सिंधरोटचा कसा?"

चहा उतू गेला. गॅस बंद करायला कुणी हललं नाही.

"आणि तू," अहल्याबाईंनी विचारलं, "चप्पल घालून कुठे निघालीस?"

शर्वरीने दाराकडे पाहिलं. खिळा रिकामा होता. किल्ली तिच्या मुठीत होती.

"आलेच," ती म्हणाली.