डिकीतली पेटी

उन्हाळ्यापासून राजसला एका जागी म्हणून बसवत नव्हतं. आधी सायकल झाली, मग घरी पाव भाजणं झालं, आणि ऑक्टोबर लागता लागता गाडीच्या डिकीत सबवूफर बसवायचं खूळ डोक्यात शिरलं. डब्लिनमधल्या त्यांच्या गल्लीत लोक पानं गोळा करतानासुद्धा हळू आवाजात बोलायचे. तिथे हा काचा थरथरवणार होता. बायकोने, लतिकाने, अडवलं नाही. ती स्वतः इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनियर. निदान वायरिंग तरी धड व्हावं म्हणून शनिवारी दुपारी चहाचे मग घेऊन ती गराजमध्ये गेली.

पेटी राजसने स्वतःच्या हाताने केली होती. फळ्या कापून, सांधे चिकटवून, आत उशीत भरतात तसा पांढरा कापूस भरून त्याने दोन बारा इंची स्पीकर स्क्रूंनी आवळले. पेटी हवाबंदच हवी, नाहीतर बेस फुसका येतो, हे तो तिला पुन्हा पुन्हा सांगत होता. बॅटरीपासून वायर गालिच्याखालून मागे आणली, ॲम्प जोडला आणि गाणं लावलं. नंबर प्लेट खडखडली. फळीवरचे रंगाचे डबे सरकले. राजस कितीतरी दिवसांनी मनापासून हसला.

"बास आता. शेजारी कम्प्लेंट करतील," लतिका म्हणाली.

त्याने गाडी बंद केली. डिकी उघडीच होती. डाव्या स्पीकरचा काळा पडदा सावकाश बाहेर आला, आत गेला. पुन्हा बाहेर आला.

"राजस, ॲम्प ऑफ कर ना."

"ऑफच आहे."

तिने स्पीकरच्या दोन्ही वायरी उपसून काढल्या. पडदा हलतच राहिला. आतली हवा तापली असेल, बाहेर गारठा आहे, दाबातला फरक असेल, असं ती मोठ्याने म्हणाली. पण मग उजवा स्पीकरही हलायला हवा होता. तो स्तब्ध होता.

तिने डाव्यावर तळहात ठेवला. पडदा कोमट लागला आणि थांबला. मग आतून, अगदी हलकेच, कुणीतरी चाचपून पाहावं तसा तो तिच्या तळहाताला टेकला. तिने हात मागे घेतला आणि कारण नसताना जीन्सला पुसला.

राजसने मात्र वाकून स्पीकरला कान लावला. डोळे मिटले.

"राजस, ऊठ."

"हळू बोल ना यार. आत्ता कुठे झोप लागलीये."

"कुणाला?"

लतिकाने स्क्रू ड्रायव्हर उचलला, तेव्हा त्याने तिचं मनगट धरलं. "नको. उजेड जाईल आत."

तिने हात सोडवून घेतला. एकेक स्क्रू काढला, स्पीकर उचलला.

आत कापूसच होता. पण तो मधोमध दबलेला होता. गुडघे पोटाशी घेऊन, डोकं एका बाजूला टेकून कुणी निजावं, तसा खळगा. दोन-तीन वर्षांच्या मुलाएवढा. तिने त्यात हात घातला. ऊब होती.

त्यांना मूल नव्हतं. नकोच, असंही कधी ठरलं नव्हतं; बोलणं दर वेळी पुढे ढकललं जायचं, इतकंच.

रविवारी सकाळीच तिने ती पेटी शहराच्या कचरा डेपोवर टाकायला लावली. राजस ती लगेच घेऊन गेला. संध्याकाळी तो सोफ्यावर पाय मुडपून बसला, आणि बसूनच राहिला. शांत. महिनोन्महिने तिला हेच हवं होतं. आता तीच स्वयंपाकघरापासून गराजच्या दारापर्यंत येरझारा घालत होती.

सोमवारी तो ऑफिसला निघाला तेव्हा ती गराजच्या दारात उभी होती. गाडी मागे घेऊन तो ड्राइव्हवेवर थांबला. इंजिन चालूच ठेवून खाली उतरला. मागचं दार उघडलं. आत वाकून रिकाम्या सीटवरून पट्टा ओढला आणि खट्कन लावला. मानेला काचू नये म्हणून तो जरा खाली सरकवला.

मग दार लोटता लोटता थबकला.

"हात आत घे," तो म्हणाला.

क्षणभर वाट पाहिली, आणि दार अलगद लावलं.