तुमचीच आहे, घ्या की

सहलीहून परतताना पाण्याच्या बाटल्या घ्यायच्या म्हणून फरंगीसनं वाटेतल्या अबरकुह गावात गाडी थांबवली. मुली उतरल्या, आइस्क्रीमच्या मागे लागल्या, आणि तिथून निघायला चांगलाच उशीर झाला. एवढंच निमित्त. लोक नंतर उगाच तिच्या नशिबाला बोल लावत बसले.

फरंगीस माझी शेजारीण. यझ्दमध्ये आमची घरं भिंतीला भिंत लागून. शाळेच्या मुलींना जुनी ठिकाणं दाखवणं हे तिचं काम, आणि काय दाखवायची म्हणता! तख्त-ए-जमशीदच्या पडक्या राजवाड्याच्या पायऱ्यांवर उभी राहिली की दगडात कोरलेला एकेक माणूस तिच्या ओळखीतला वाटायचा. वर्गात पेंगणाऱ्या पोरी तिच्यामागे पळत सुटायच्या. पण यंदा नवरोझच्या तोंडावर तिचा नवरा अर्दलान गेला, दुकानात बसल्या बसल्या, आणि बाई आतून बधिर झाली. रडली नाही. चाळिसाव्या दिवसाच्या दुखवट्याला आम्ही सगळ्या हमसून हमसून रडतोय आणि ही आम्हाला खजूर वाढतेय. चहाचा कढत पेला हातात धरून बसायची, बोटं लालभडक व्हायची, तरी हिला पत्ता नाही. मीच काढून घ्यायची पेला.

बोलणं मात्र थांबलं नाही. उलट गोड बोलणं वाढलं. 'तुमचं पाऊल माझ्या डोळ्यांवर', 'तुमची सावली आमच्यावर राहो', सगळं तोंडातून आपोआप यायचं. नळ उघडा राहिला की पाणी येत राहतं ना, तसं.

पंधरा वर्षांची मेहरनूश, आमची नूश, तिची एकुलती एक मुलगी, त्याच शाळेत. तीही या सहलीला होती. भारी बडबडी आणि उद्धट म्हणावी इतकी मोकळी. बाप गेल्यावर ती आईच्या मागे मागे फिरायची, "आई, माझ्याकडे बघ ना. अगं, मी बोलतेय," असं म्हणत. फरंगीस बघायची. पण नुसतीच बघायची.

तर गाडी अबरकुहहून निघाली. ड्रायव्हर यदुल्लाह, पिकल्या मिशांचा, जिभेला हाड नसलेला माणूस. फरंगीसनं त्याला आपल्या थर्मासमधला चहा दिला.

"वा, खानुम! थर्मास फार झकास आहे हो."

"तुमचाच आहे. घ्या की."

"छे छे, तुमच्याच हाती शोभतो."

"नाही, खरंच घ्या. मला आनंद होईल."

"देव तुम्हाला भरभरून देवो, खानुम. नको."

मागच्या बाकावरून नूश ओरडली, "यदुल्लाहकाका, एकदा घ्याच! आईचा चेहरा बघायचाय मला!" सगळी गाडी हसली. कारण कुणी घेत नाही. वस्तूची तारीफ झाली की ती देऊ करायची, समोरच्यानं नाही म्हणायचं, पुन्हा द्यायची, पुन्हा नाही. पाळण्यातल्या पोरालाही आमच्याकडे हे ठाऊक असतं. त्यातून आजवर कुणाची सुईसुद्धा गेलेली नाही.

पुढे वाळूचा वारा सुटला. समोरचं दिसेना तेव्हा यदुल्लाहनं गाडी रस्त्याकडेच्या एका पडक्या सराईच्या आडोशाला घेतली. फरंगीसच्या कार्यक्रमात ही सराई नव्हती. पण पोरींना गाडीत किती वेळ कोंडणार? ती त्यांना घेऊन आत गेली आणि चौकात उभं राहून तिनं नेहमीची टकळी सुरू केली. उंट कुठं बांधत, व्यापारी कुठं निजत, जमिनीखालच्या पाटातून पाणी कसं येई. पोरी ऐकत नव्हत्या, एकमेकींचे फोटो काढत होत्या. तिला त्याचंही काही वाटलं नाही.

भर दुपारची वेळ, पण वाळूनं ऊन झाकून टाकलं होतं आणि चौकात पिवळट अंधार साचला होता. वारा कमानींमधून हूं... हूं... करत फिरत होता. बोलता बोलता फरंगीसला वास आला. ओल्या तळघराचा, शेवाळलेल्या मातीचा. या सराईचा पाट तर केव्हाचा आटलेला. वास येत होता कोपऱ्यातल्या एका देवळीवजा खोलीतून, आणि तिथं, उंबऱ्याच्या आत, एक म्हातारी बसली होती. फुलाफुलांची जुनी चादर डोक्यावरून घेतलेली, पाय अनवाणी. रखवालदाराची आई असेल, असं फरंगीसला वाटलं. तिनं लवून सलाम केला.

"किती गोड बोलता हो बाई," म्हातारी म्हणाली. आवाज अगदी हळू, तरी वाऱ्यातही स्पष्ट. "इतक्या दिवसांनी कुणी या घराविषयी बोललं."

"तुमचा मोठेपणा. आम्ही तुमच्या पायाची धूळ."

तेवढ्यात नूश आली. गाल लाल, केस वाळूनं भरलेले. "आई, पाणी दे ना. आणि इथून चल, मला इथं नाही आवडत."

म्हातारी तिच्याकडे पाहत राहिली. "ही तुमची?"

"तुमची दासी आहे." पोराबाळांचं कौतुक झालं की हेच म्हणतो आम्ही. माझ्या नातवाबद्दल मीही रोज कुणाकुणाला म्हणते.

"माशाल्ला... काय लख्ख पोरगी आहे. घर कसं भरून जात असेल."

"तुमचीच आहे. घ्या की."

"नको गं बाई. तुमच्या काळजाचा तुकडा."

"छे, खरंच न्या. तुमच्याकडे राहिली तर मला आनंदच आहे."

"नको नको... मी म्हातारी, माझ्याकडे काय आहे तिला द्यायला?"

इथं थांबायचं असतं. दोनदा झालं, पुरे झालं. हसून विषय बदलायचा. पण फरंगीस ऐकतच कुठं होती? नळ वाहत होता. तिसऱ्यांदाही ती त्याच गोड सुरात म्हणून गेली, "असं नका म्हणू. माझी शपथ आहे तुम्हाला, न्याच."

वारा थांबला. म्हातारीनं मान तिरकी करून तिच्याकडं पाहिलं.

"इतका आग्रह करता... तर मोडवत नाही मला," ती म्हणाली, आणि हात लांब करून नूशच्या केसांवरून फिरवला.

नूशनं पाणी मागायचं सोडलं. बाहेर यदुल्लाहनं हॉर्न वाजवला आणि सगळ्या पोरी गाडीकडे पळाल्या, नूश सर्वांच्या मागून, सावकाश.

गाडी चालू करताना यदुल्लाहनं विचारलं, "कोपऱ्यात म्हातारी होती का हो?"

"होती. तुम्ही ओळखता?"

"माझ्या बापानं दाखवली होती लहानपणी. तेव्हाही एवढीच म्हातारी होती." तो हसला, पण नेहमीसारखं मोठ्यानं नाही. "काही दिलं नाहीत ना तिला?"

"नाही," फरंगीस म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं.

घरी आल्यावर नूशनं बूट काढून भिंतीशी नीट लावून ठेवले. एरवी एक जिन्यात आणि एक न्हाणीघरात सापडायचा. मग ती आत येऊन गालिच्याच्या कडेला, दाराजवळ, गुडघे जुळवून बसली. परकं माणूस बसतं त्या जागी.

फरंगीसनं चहा आणला.

"नको, कशाला त्रास घेतलात?" नूश म्हणाली.

"घे गं."

"नको, खरंच. आपण दमला असाल."

आपण! फरंगीसला वाटलं, कार्टी रुसलीय, टोमणे मारतेय. पण पुढचे दिवस तेच. पाणी प्यायचं तर विचारून. फ्रिज उघडायचा तर विचारून. ताट चाटूनपुसून स्वच्छ, वर "आपल्या हातांना दुखणं न येवो." रात्री पांघरुणाला हात न लावता गादीच्या काठावर निजायची आणि सकाळी चादरीवर सुरकुती नसायची. फक्त उशीला तो वास यायचा, ओल्या तळघराचा.

मी एकदा डाळिंबं घेऊन गेले तर पोरगी उठून उभी राहिली, लवून नमस्कार केला, मला वरच्या, मानाच्या जागी बसवलं. मला बाई कौतुक वाटलं. "फरंगीस, पोर सुधारली हो तुझी," मी म्हणाले. माझ्या जिभेला तेव्हा काटा का नाही टोचला, देव जाणे!

फरंगीस नंतर मला म्हणाली, "मला कळत होतं गं. पहिल्याच दिवशी कळलं होतं की ही पाहुणी आहे. घाबरायला हवं, हेही कळत होतं. मी वाट बघत होते, आता भीती वाटेल, मग वाटेल. आलीच नाही."

मग ती संध्याकाळ आली. दिवे लागायची वेळ, गच्च्यांवरून कबुतरं परतत होती. फरंगीस भाजी निवडत होती. नूश डोक्यावरून चादर घेऊन दाराशी उभी राहिली.

"फार त्रास दिला आपल्याला," ती म्हणाली. "आता निघते."

"कुठं?"

"घरी. वाट बघत असतील."

फरंगीसच्या हातातली भाजी खाली पडली. "अगं, हेच घर आहे तुझं. थांब."

"नको, उशीर होतोय..."

"थांब ना गं. इतक्यात कुठं निघालीस? जेवून जा."

जेवून जा! आपल्या पोटच्या पोरीला ती 'जेवून जा' म्हणाली, आणि तिचं तिलाच ते ऐकू आलं.

"नको, खरंच..." नूशनं दाराच्या कडीला हात घातला, आणि तिथंच थांबली. वळली. काय झालं कुणास ठाऊक, पण त्या क्षणी चेहरा तिचा स्वतःचा होता.

"आई," ती म्हणाली. "तू मनापासून म्हणतेस... की नुसतं म्हणतेस? खरं सांग. मला खरं सांगितलंस तर मी..."

पुढचं तिला बोलता येईना. कुणी तोंडावर हात ठेवल्यासारखी ती गुदमरली आणि आईकडे बघत राहिली.

एक शब्द हवा होता. आमच्यातली अडाणी बाईसुद्धा किंचाळली असती, पोरीला मिठी मारून जमिनीवर पडली असती. फरंगीसनं आत शोधलं. सगळीकडं शोधलं. अर्दलान गेला त्या दिवसापासून जिथं काहीच नव्हतं, तिथं आताही काही नव्हतं. तिनं तोंड उघडलं. तोंडातून आलं, "तुझं पाऊल माझ्या डोळ्यांवर. हे घर तुझंच आहे."

नूशचा चेहरा हळूहळू मिटला. ती गोड हसली. पाहुण्या हसतात तशी.

"आपली सावली आमच्यावर राहो," ती म्हणाली आणि बाहेर पडली.

फरंगीसचे हात मग आपोआप हलले. कुणी प्रवासाला निघालं की त्याच्या मागे वाडगाभर पाणी टाकतो आम्ही, तो सुखरूप परत यावा म्हणून. तिनं वाडगा भरला, दारात आली आणि गल्लीत पाणी फेकलं. नूश कोपऱ्यावरून वळत होती. तिनं मागं पाहिलं नाही.

पुढं व्हायचं ते सगळं झालं. पोलीस आले, शाळेच्या बाई रडल्या, पोरीचे फोटो भिंतींवर लागले. यदुल्लाह फरंगीसला त्या सराईत घेऊन गेला. कोपऱ्यातल्या खोलीत गुडघाभर वाळू होती, कित्येक वर्षांची. ती तिथं उभी राहून म्हणाली, "माझी चूक झाली. परत द्या." दिलेलं परत मागणं यापरतं लाजिरवाणं आमच्यात काही नाही, पण तिनं मागितलं, पुन्हा पुन्हा मागितलं. यदुल्लाह बाहेर तोंड फिरवून उभा होता. आतून कुणी ओ दिली नाही.

हे उन्हाळ्याच्या सुरुवातीचं. आता कडक उन्हाळा आहे. आमच्या यझ्दचं ऊन म्हणजे अंगणात सडा टाकावा तर झाडू आणेपर्यंत वाळून जातो. पण फरंगीसनं टाकलेलं ते पाणी वाळलं नाही. गल्लीच्या मधोमध ती ओल तशीच राहिली. पोरं तिला वळसा घालून खेळतात. मी राख टाकून बघितली, झाडून काढली, ओल आहे तिथंच. मग लक्षात आलं, तिथंच नाही. रोज थोडी दाराकडे सरकतेय.

आम्ही फरंगीसला म्हणतो, दार लावून घे. ती ऐकत नाही. दिवस मावळला की दाराची दोन्ही कवाडं उघडते, चहा टाकते आणि समोर बसते. परवा मी जवळ बसले होते तर म्हणाली, "या वेळी मला बोलता येईल." आणि तिचे डोळे भरून आले. अर्दलान गेल्यापासून पहिल्यांदा. मला आनंद व्हायला हवा होता.

आज सकाळी ओल उंबऱ्याशी पोचली. तिला आता आकार आलाय. पावलं आहेत ती, घराकडे येणारी. एक जोडी नूशच्या बुटांची, मी नक्की ओळखते, टाच आतून झिजलेली. तिच्या शेजारी दुसरी आहे, अनवाणी, आणि ती अर्धं पाऊल पुढं आहे.