किंकाळीची पारख

सुवर्णाच्या शेडमध्ये डुकरीण विते तेव्हा आता कुणी धावपळ करत नाही. पिल्लू बाहेर आलं की सरकत्या पट्ट्यावर पडतं, उबदार वाऱ्यात सुकतं आणि थेट 'दाई'च्या पोटाशी जातं. दाई म्हणजे रबरी सडांचं, भिंतीइतकं लांब यंत्र. दूध कोमट करायचं, कुठलं पिल्लू मागं पडतंय ते ओळखून त्याला जास्त पाजायचं, हे सगळं तीच बघते. आई तोवर खाद्यात तोंड घालून उभी असते. आपण कधी व्यालो, हेही तिच्या गावी नसतं.

हे वैभव सुवर्णानंच उभं केलं होतं. तिच्या वडिलांच्या काळ्या गावरान डुकरिणीला जितके सड, जवळपास तितकीच पिल्लं व्हायची. सुवर्णा पशुपैदाशीचं शिकून आली आणि 'वेतांक' घेऊन आली. कानाचा टिचभर तुकडा यंत्रात घातला की ही मादी एका वेताला किती पिल्लं देईल, ते आधीच कळायचं. ज्यांचा वेतांक मोठा त्यांचीच वीण पुढं न्यायची, बाकीच्या खाटकाला. पिढ्या बदलत गेल्या तशी पिल्लं सडांच्या दुप्पट झाली. उरलेल्यांना पाजायला दाई आली. मग थोडी आईकडं, थोडी दाईकडं ही कटकट तरी कशाला, म्हणून सगळीच दाईकडं गेली.

वडिलांची पारख निराळी होती. मादी ठेवायची की विकायची हे ठरवताना ते तिचं पिल्लू मागच्या पायाला धरून उचलायचे. पिल्लू किंचाळायचं. जी दात विचकून अंगावर यायची ती घरात राहायची. जी नुसती बघत बसायची तिला बाजार दाखवायचे. म्हाताऱ्याच्या पोटरीवर चाव्यांचे वण होते आणि पाहुण्यारावळ्यांना ते तो कौतुकानं दाखवायचा. सुवर्णानं नेमकं उलटं केलं. अंगावर येणारी मादी कामगारांना चावते, दाईच्या नळ्या तोडते, म्हणून तापट माद्या तिनं सगळ्यांत आधी काढल्या.

धाकटा भाऊ दुर्गाप्पा तेव्हा भांडला होता. "आक्का, तू आया विकायलीस," म्हणाला आणि वाटणीच्या चावऱ्या माद्या हाकत माळावर गेला. त्यानंतर लग्नात, जत्रेत, वेतांकासाठी गावानं केलेल्या तिच्या सत्कारात, भेटेल तिथं सुवर्णा त्याला चारचौघांत टोमणे मारत राहिली.

आणि दाईची कंपनी बुडाली. यंत्र रोज कंपनीकडून परवानगी आली की सुरू व्हायचं. एका सकाळी ती आलीच नाही. रबरी सड गार पडले. सुवर्णानं दूध कालवून बाटल्या भरल्या, पण एवढ्या तोंडांना हात कुठून पुरणार? शेवटी तिनं पिल्लं आयांजवळ सोडली. एक मादी सरळ त्यांच्यावरच आडवी झाली. खालून किंकाळ्या येत होत्या आणि ती डोळे मिटून पडली होती. सुवर्णानं तिला ढकलून उठवलं तोवर उशीर झाला होता.

नाक मुठीत धरून ती दुर्गाप्पाच्या माळावर गेली.

"दुर्गा, तुझ्या चावऱ्या माद्या पाहिजेत. म्हाताऱ्या असल्या तरी चालतील. पिल्लं जगवायची आहेत, आणि पुढची वीणही त्यांच्यापासनंच धरायची."

दुर्गाप्पानं पत्र्याचं दार ढकललं. आत भिंतीइतकी लांब दाई उभी होती. तीही गार.

"तुझंच बघून घेतली, आक्का. किती वर्षं खुळा म्हणवून घ्यायचं?"

"आणि माद्या?"

"तुझ्या सत्काराला जेवण कशाचं होतं, इचारलं हुतंस का? शेवटच्या चावऱ्या तवाच दिल्या. तूच म्हणालीस, गावरानची चव न्यारी."

तिला ते जेवण आठवलं. तिनं दोनदा वाढून घेतलं होतं. तिला स्वतःचाच राग आला. दुर्गाप्पानं तिला हाताला धरून बाहेर आणलं.

"चल, तुझ्या शेडात एखादी तरी निघंल. बघू."

शेडमध्ये त्यानं वडिलांसारखंच पिल्लू मागच्या पायाला धरून उचललं. ते जिवाच्या आकांतानं किंचाळत होतं. एकेका मादीपुढं थांबत तो या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. माद्या खात होत्या. सुवर्णा दाराशी उभी राहून दुसऱ्या कुठल्या कंपनीचं यंत्र मिळतंय का, ते मोबाईलवर शोधत होती.

"कुठली वळली का?" तिनं मान खाली ठेवूनच विचारलं.

दुर्गाप्पानं पिल्लू छातीशी धरलं. "कुठलीच न्हाई. तू बी न्हाई."

सुवर्णानं वर पाहिलं. लहानपणी अशी किंकाळी ऐकली की ती ताटातली भाकरी टाकून पळत सुटायची. ते पळणं कधी थांबलं, तिला आठवेना. तिनं तर फक्त डुकरिणींच्या अंगातून माया निवडून काढली होती. मग ही तिच्या स्वतःच्या अंगातली कधी गेली, आणि किती पिढ्यांनी परत येईल?