भाड्याने आणलेली

पेन हातात होतं, कागद टेबलावर होता, सही कुठे करायची ते त्या माणसानं दोनदा बोट ठेवून दाखवलं होतं, आणि तरीही तिचा हात काही पुढे सरकेना!

"ताई, एवढा काय विचार करताय?" डिश कंपनीचा माणूस म्हणाला. "टीव्हीची पेटी विकत कुठे घ्यायचीय? भाड्यानंच तर घ्यायचीय. नको वाटली तर परत द्या. चित्र एकदम स्वच्छ, आणि वर रेकॉर्डिंग. कार्यक्रम लागतो तेव्हा तुम्ही झोपलेले असा नाहीतर बाजारात असा, पेटी आपली इमानेइतबारे भरून ठेवणार. मग हवा तेवढ्या वेळा बघा!"

तेवढ्यात खिडकीजवळच्या खुर्चीतून बाबा मोठ्या अगत्याने म्हणाले, "अहो बाई, पाहुण्यांना चहा नाही विचारलात?"

बाई!... ज्या बापाला तिने तळहाताच्या फोडासारखं जपलं, ज्याच्यासाठी दातांच्या दवाखान्यातली चांगली चालती नोकरी सोडली आणि घर मांडायचे विचारही मनातल्या मनात गुंडाळून ठेवले, त्याच्या लेखी ती कामाला ठेवलेली बाई होती! चांगली होती, स्वभावाने गरीब होती, चहा बरा करायची, पण बाई. बाबांची स्मृती हळूहळू विझत गेली, आणि पोटची मुलगी रोज डोळ्यांसमोर वावरत असल्यामुळेच की काय, सगळ्यांत आधी पुसली गेली.

ती चहा टाकायला स्वयंपाकघरात गेली. कागद तसाच राहिला.

हे सगळं सुरू झालं ते रिमोटचे सेल आणायला म्हणून ती बाबांना घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात गेली तेव्हा. भिंतीवर भला मोठा टीव्ही चालू होता आणि त्यात तिचा धाकटा भाऊ एका दीपगृहाच्या पायऱ्या चढत होता! तो देशोदेशीची दीपगृहं दाखवायचा. कार्यक्रम लागायचा भल्या पहाटे, बाबा गोळीच्या अमलाखाली गाढ झोपलेले असताना. कधी चुकून पुन्हा दाखवलाच, तरी घरातल्या जुन्या टीव्हीवर सगळ्यांचेच चेहरे भिजलेल्या वर्तमानपत्रासारखे दिसायचे, त्यात बापाने मुलाला ओळखावं कसं? पण दुकानातल्या त्या लख्ख चित्रात धाकट्याच्या भुवईवरचा व्रण स्पष्ट दिसत होता. लहानपणी तो बाबांच्या सुतारकामाच्या टेबलाखाली खेळत होता आणि वरून पटाशी पडली होती, त्याची ती खूण. बाबा पुढे झाले. काचेवर बोट ठेवून त्यांनी तो व्रण चाचपला.

"माझ्या हातून झालं हे," ते कळवळून म्हणाले. "अरे, हा माझा मुलगा! कुठे होतास रे इतके दिवस?"

आणि भर दुकानात, गिऱ्हाइकांदेखत, तो म्हातारा ओक्साबोक्शी रडला... आनंदाने! घरी पोहोचेपर्यंत सगळं विसरलासुद्धा. पण त्यानंतर रोज संध्याकाळी काहीतरी हरवल्यासारखा तो दाराकडे बघत बसायचा, आणि काय हरवलंय ते त्याला सांगता यायचं नाही.

तिने पेटीबद्दल विचारायला भावाला फोन केला होता. "घे ना, ताई, त्यात विचार कसला!" तो म्हणाला होता. "मला काही इतक्यात यायला जमत नाही. आणि तू आहेस ना तिथे!"

तू आहेस ना! एवढं म्हटलं की त्याचं कर्तव्य संपायचं. आई गेली तेव्हाही तो हेच म्हणाला होता.

मग अडत होतं कुठे? अडत होतं ते दुपारपाशी. जेवण झालं, टीव्ही बंद केला, की ती बाबांसमोर स्टुलावर बसून त्यांच्या हातांना तेल चोळायची. रंधा मारून मारून राठ झालेले ते हात तिच्या हातांत सैलावायचे, आणि कधीतरी, अगदी कधीतरी, बाबा तिच्याकडे टक लावून पाहायचे आणि म्हणायचे, "ठके, तू होय!" लहानपणी त्यांनी तिला एक लाकडी ठकी कोरून दिली होती, आणि ती बाहुलीला सोडेना म्हणून बाहुलीचंच नाव तिला चिकटलं होतं. ती हाक पुरती ऐकून होते न होते तोच पुन्हा 'बाई' सुरू व्हायचं. पण त्या एका हाकेसाठी ती डोळ्यांत प्राण आणून दुपारची वाट पाहायची! पेटी आली की बाबांची नजर टीव्हीवर खिळणार, हे तिला स्वच्छ कळत होतं. मुलगा दिसत असताना बाईकडे कोण बघतो?

चहा उतू गेला. तिने गॅस पुसला, डोळे पुसले, बाहेर आली आणि सही केली.

पेटी बसली. बाबांनी बोटांच्या पेरांनी ती वाजवून पाहिली. "पत्र्याची आहे. लाकडाची केली असती तर शोभली असती." मग पडद्यावर धाकटा आला, आणि बाबा उजळले! कार्यक्रम संपला की ते विसरायचे, ती तो पुन्हा लावायची, आणि त्यांना त्यांचा मुलगा पुन्हा पहिल्यांदा भेटायचा. "बाई, बाई, इकडे या! हा माझा मुलगा!" असं ते दर वेळी त्याच कौतुकाने सांगायचे, आणि ती दर वेळी तितक्याच नवलाने म्हणायची, "अगंबाई, खरंच?"

एकदा राहवलं नाही तिला. पदराशी चाळा करत तिने विचारलं, "आणि मुलगी नाही का तुम्हाला?"

बाबांनी पडद्यावरची नजर काढली नाही. "होती. लहानगी. कुठे गेली कोण जाणे..."

तेलाची बाटली फळीवर तशीच राहिली. दुपारी हात पुढे करायचंही बाबा विसरले. ठकीची हाक त्या घरात पुन्हा उमटली नाही.

आणि मग, काहीही न कळवता, धाकटा आला. कुणा सहकाऱ्याचे वडील अचानक गेले म्हणे, आणि याने तडक घरची वाट धरली. दारात बॅग टाकून तो थेट बाबांच्या खुर्चीसमोर गुडघे टेकून बसला. "बाबा! मी आलोय, बाबा!"

बाबांनी मान वाकडी करून त्याच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. "जरा बाजूला व्हा हो. माझा मुलगा लागलाय."

धाकटा उठून आत गेला. स्वयंपाकघरात ओट्याला धरून तो लहान मुलासारखा हुंदके देत राहिला, आणि तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तिच्या मनात राग होता, वर्षानुवर्षांचा होता. पण या पाठीला तिने लहानपणी साबण लावला होता, तिथे तो राग टिकेना.

"ताई, एवढ्यातच मला सहन होईना... तुला रोज असं?"

"रोज."

"आणि मी आपला फोनवर म्हणायचो, तू आहेस ना..." डोळे पुसून तो एकदम उसळला. "ती पेटी आधी घालव घरातून! तिच्यामुळे त्यांना ना मी दिसतो, ना तू."

"तेवढाच आनंद आहे रे त्यांना."

"माझ्या चित्राचा? आणि आपण जिवंत माणसं?"

तिने विरोध करायला हवा होता. पण मनाच्या तळाशी एक चोरटी आशा हलली. पेटी गेली तर दुपार परत येईल... 'ठके' परत येईल! त्या आशेची तिला इतकी शरम वाटली की ती काहीच बोलली नाही, आणि धाकट्याने तेच तिचं हो समजून कंपनीला फोन लावला.

दुसऱ्याच दिवशी तोच माणूस आला. ती बाबांच्या खुर्चीशेजारी उभी होती. त्याने पेटीवरून फडकं फिरवलं आणि धाकट्याला म्हणाला, "छान ठेवलीत हो. एक ओरखडा नाही. लोक भाड्याची म्हणून कशीही वापरतात. चला, घेऊन जातो मी तिला."

बाबा दचकले. त्यांनी त्या माणसाकडे पाहिलं, मग वर मान करून तिच्याकडे पाहिलं. "भाड्याची होती?" त्यांचा आवाज कापत होता. "मला कुणी बोललं नाही... मला वाटलं, इथलीच आहे."

"नाही, आजोबा, कंपनीची. करार संपला की परत न्यावी लागते."

बाबांनी झटकन तिचं मनगट धरलं! त्या थकलेल्या हातात एवढी ताकद कुठून आली देव जाणे. "नाही न्यायचं! बाईला नाही न्यायचं!" ते आर्त स्वरात ओरडले. "काय बिघडलं तिचं? कामात कुचराई नाही, कधी आवाज चढवला नाही... मला कोण बघणार? हवं तर... हवं तर ही पेटी न्या. माझा मुलगा आहे हो तिच्यात. एकुलता एक आहे. न्या त्याला! पण बाईला राहू द्या!"

धाकट्याने तोंड भिंतीकडे वळवलं. तो माणूस पुरता गोंधळला होता. त्याने मुकाट्याने वायरी काढल्या, पेटी काखेत मारली आणि चपला हातात घेऊनच जिना उतरला. पडदा काळा झाला. मनगट मात्र सुटलं नव्हतं.

ती स्टुलावर बसली. मोकळ्या हाताने फळीवरून तेलाची बाटली घेतली, आणि हळूहळू मनगट धरलेला तो हात चोळू लागली. दुपार झाली होती. बाबांनी मान वर केली आणि तिच्याकडे टक लावून पाहिलं... तेच पाहणं! ओठ हलले त्यांचे...

"बाई, तुमचे वडील आहेत?"

"आहेत."

"त्यांचं कोण करतं? तुम्ही तर दिवसभर इथे."

तिने बाटलीचं झाकण लावलं.

"असं करू नये," बाबा समजुतीने म्हणाले. "मी काही पळून जात नाही. जाऊन या. म्हातारं माणूस तोंडाने बोलत नाही, पण वाट बघत असतं."

ती उठली. दाराबाहेर जाऊन जिन्याच्या पायरीवर बसली, आणि आवाज आत जाऊ नये म्हणून पदर तोंडात धरून पोटभर रडली. धाकटा मागोमाग आला आणि शेजारी बसला. थोड्या वेळाने तिने तोंड पुसलं आणि आत गेली.

"आलात?" बाबांनी विचारलं. आज कसं कोण जाणे, एवढं त्यांच्या लक्षात राहिलं होतं. "कसे आहेत वडील?"

"बरे आहेत," ती म्हणाली. "मला जाऊ देत नव्हते."

"नाहीच देणार," बाबा म्हणाले आणि त्यांनी दुसरा हात पुढे केला. तिने तळव्यावर तेल घेतलं.