चार कॅन, एकच पाणी

शहागंजात, अत्तराच्या दुकानावरच्या मजल्यावर, खासगी तपासनीस रत्नमाला हिवराळे यांची कचेरी होती. अपेक्षा जिना चढून आली ती घामानं निथळतच. पुढं केलेल्या पाण्याला तिनं हातही लावला नाही.

"मी पैसे खाल्ले म्हणतात," ती म्हणाली. "आणि गाव म्हणतंय, मी त्यांना विकलं."

चितेगावच्या एका प्रयोगशाळेत ती नोकरीला होती. विदर्भातल्या एका भुयारी कोळसा खाणीभोवतीचं पाणी तपासायचं काम तिच्याकडे होतं. ओढ्यावर तिनं चार कॅन भरले होते. एक खाणीच्या वरच्या अंगाला, दुसरा खाणीतलं उपसलेलं पाणी पडतं तिथं आणि बाकीचे दोन खाली गावापर्यंत.

"दुसऱ्या जागचं पाणी वाईटच आहे. उघडं राहिलं की तांबडा साका धरतं. ओढ्यातले मासे मेलेत, मॅडम. आणि अहवाल आला, चारही पाणी शुद्ध!"

"कॅन तुम्हीच आणले?"

"नाही. गावकऱ्यांची बैठक होती, मी मागं थांबले. ड्रायव्हर कचरूमामा गाडी घेऊन पुढं आले."

प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ अभय वैतागूनच बसला होता. रत्नमालांचे सहकारी पुंडलिकराव, निवृत्त हवालदार, त्यांनी थेट विचारलं, "खाणवाल्यांनी नोकरी देऊ केलीय म्हणे तुम्हाला?"

"केलीय. मी अजून हो म्हटलेलं नाही. कॅनमध्ये होतं ते तपासलं. चारहींत क्षार सारखे, क्लोरीनचा किंचित अंशसुद्धा सारखाच."

"वरच्या अंगाच्या कॅनमध्येही?" रत्नमालांनी विचारलं.

"त्यातही."

आवारात कचरू गाडी पुसत होता. वाटेत कुठं थांबलात, या प्रश्नावर त्यानं मान वर केली नाही.

"नाय जी. सरळ आलो."

पुंडलिकरावांनी बॉनेट उघडलं. "गाडी नवी, पण रेडिएटरच्या झाकणाला गंज चढलाय बघा."

रत्नमालांनी मागच्या सीटखालून हिरव्या काचेची एवढीशी बांगडी काढली. "घरी लहान मुलगी आहे?"

"नाय. पोरं मोठी झाली माझी."

संध्याकाळी प्रयोगशाळेचे मालक ऋतुराज यांच्या खोलीत सगळे जमले.

"अभयच," पुंडलिकराव कुजबुजले.

"नाही," रत्नमाला म्हणाल्या. "खाणीला वाचवायचं असतं तर त्यानं खराब पाणीच बदललं असतं. वरच्या अंगाचं चांगलं पाणी कशाला फेकेल? चारही कॅन बदलले, कारण चारही रिकामे झाले होते. क्लोरीन ओढ्यात नसतो, नळाच्या पाण्यात असतो. म्हणजे कॅन वाटेत कुठल्या तरी नळावर भरले. आणि पुंडलिकराव, तो गंज नव्हता. खाणीच्या पाण्याचा साका होता. पाणी रेडिएटरमध्ये गेलं."

"पण प्यायचं पाणी होतं की गाडीत!" अपेक्षा म्हणाली.

"ते त्याआधीच दुसऱ्या कुणासाठी संपलं. जिच्या हातात ही बांगडी होती तिच्यासाठी. व्हय ना, कचरूभाऊ?"

कचरू भिंतीला टेकला.

"वीटभट्टीजवळ एक बाई आडवी आली. पोरगी उन्हानं निपचित पडलेली. प्यायचं पाणी सगळं तिच्या अंगावर वतलं. तेवढ्यात इंजन लई तापलं. खाणीकडचं पाणी लेकराला कसं लावावं? चारी कॅन गाडीलाच घातले. दोघींना घेऊन दवाखान्यात पोचलो, तिथल्याच नळाला कॅन भरले. परक्याला गाडीत घेतलं तर काम जाईल असं सायबांनी बजावलं व्हतं." त्यानं अपेक्षाकडं पाहिलं. "तुमच्यावर येईल असं वाटलं नव्हतं, ताई. आलं तवा तोंड उघडायची हिंमत झाली नाय."

अपेक्षाच्या डोळ्यांत राग होता.

"गावानं मला दारात उभं केलं नाही, मामा," ती म्हणाली. "आता तुम्हीच चला. त्यांना तुमच्या तोंडून कळू द्या."

ऋतुराजांनी जुना अहवाल रद्द केला. कचरूला काढायची भाषा त्यांनी केली, ती अपेक्षानंच मोडून काढली.

गावच्या चावडीसमोर कचरू हात जोडून सगळं बोलला. नवे कॅन अपेक्षानं मांडीजवळ ठेवून आणले. दुसऱ्या कॅननं खाणीचा गुन्हा उघडा केला. उपसलेलं पाणी ओढ्यात सोडणं खाणीला थांबवावं लागलं.

नवे कॅन घेऊन परतताना अपेक्षानं वीटभट्टीशी गाडी थांबवायला लावली होती. कचरू उतरायला धजेना. पोरीचं पुढं काय झालं, ते विचारायची त्याला भीती वाटत होती.

पोरगी कडुनिंबाखाली कलिंगड खात बसली होती. तिनं त्याला ओळखलं नाही. हातातली फोड मात्र पुढं केली.

कचरूनं ती घेतली, आणि तिथंच मातीत फतकल मारून बसला.