शेवऱ्या डावीकडे का वळला?

बैलाच्या मागच्या पायाशी कुणी माईक धरून बसतं का? तो बसला होता! देवणीच्या बैलबाजारात, भर उन्हात, केसाळ गोंड्यासारखा माईक हातात घेऊन, आणि तेही डोळे मिटून. मी जनावरांच्या कानांत बिल्ले मारत होते. जनावरांच्या दवाखान्यात नोकरी आहे माझी. बैलानं कान मागे टाकलेले मला दिसले आणि मी धावत जाऊन त्या माणसाला कॉलर धरून मागे ओढलं. लाथ त्याच्या नाकासमोरून गेली.

"अहो, मरायचंय का?"

"टापांचा आवाज घेऊन राहिलो होतो..." धूळ झटकत तो हसला. मेल्याला हसताही छान येत होतं.

"टापा घोड्याच्या. बैलाला खूर असतात!"

"बघा की! ही चूक गेममध्ये गेली असती तर लोकांनी मला सोडलं नसतं."

त्याचं नाव आदिनाथ. लातूरला एका भाड्याच्या खोलीत बसून तो कॉम्प्युटरवर शर्यतीचा गेम तयार करत होता. मोटारींचा नाही, बैलांचा. जुन्या शर्यती, जशा झाल्या तशा. छकड्याच्या चाकाला आरे किती, कासरा सुताचा की वाखाचा, माती ओली की भेगाळलेली... सगळं खरं पाहिजे, असा त्याचा हट्ट.

"पहिली शर्यत इथलीच घेतलीय," तो म्हणाला. "दोन हजार सातची. मडिवाळप्पांचा छकडा उलटला, ती. त्यांचं घर ठाऊक हाय का तुम्हाला?"

माझ्या हातातला चिमटा खाली पडला.

"नाही," मी म्हणाले.

मडिवाळप्पा माझे वडील.

मी भित्री आहे, आधीच सांगून टाकते. उधळलेल्या बैलाची वेसण मी धरते, पण त्या शर्यतीचं नुसतं नाव निघालं तरी मी तिथून पळ काढते. त्या दिवशी अप्पांचा छकडा सगळ्यांच्या पुढे होता. सरळ वाट होती. आणि डाव्या बाजूचा बैल, शेवऱ्या, एकाएकी डावीकडे वळला. छकडा उलटला, अप्पांचं कंबरेचं हाड मोडलं, पाय कायमचा आखडला. जोडी विकावी लागली. 'मागच्या छकड्यावरून मुरुडच्या हणमंतरावानं रुमाल हलवून माझा बैल बुजवला,' असं अप्पा तेव्हापासून सांगत आले. गावोगाव तेच पसरलं. हणमंतरावांना पुन्हा कुठल्या शर्यतीला कुणी बोलावलं नाही. अप्पा तर बार्शीला लग्नाला जायचं झालं तरी वाटेतलं मुरुड टाळून जायचे.

आणि ते खोटं होतं. खरं काय झालं ते एकट्या मला ठाऊक होतं. मी तेव्हा सात वर्षांची होते.

पुढच्या बाजाराला आदिनाथ पुन्हा आला. त्याच्या पुढच्याही.

"हा बघा शेवऱ्या," लॅपटॉप माझ्यापुढे धरून तो म्हणाला. "जमलाय का?"

"हा शेवरा कुठला? हा वानेरा झाला. याचं नुसतं तोंड काळं आहे. शेवऱ्याच्या पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असतात, म्हणून तर ते नाव."

"असं का..." त्यानं लगेच वहीत लिहून घेतलं.

"एवढं बारीक कोण बघणार आहे?"

"तुम्ही बघितलंच की." असं म्हणताना तो लॅपटॉपकडे बघत नव्हता. मी उगीचच बिल्ल्यांचा डबा उघडला, मिटला, पुन्हा उघडला.

तो मला आवडायला लागला होता. कबूल! बाजारच्या दिवशी मी वेणी दोनदा घालायला लागले. आणि जितका तो आवडायचा, तितकी त्याची भीती वाटायची... कारण हा माणूस एक आरा चुकला तर चाक पुन्हा काढणारा. हा शोधत शोधत माझ्यापर्यंत येणार, हे मला दिसत होतं.

श्रावणातली भुरभुर होती त्या दिवशी. आम्ही बाजाराच्या पत्र्याखाली उभे होतो.

"एक सांगायचं राहिलंय," तो म्हणाला. "मुरुडचे हणमंतराव... ते माझे वडील."

ज्यांच्यावर अप्पांनी आळ घेतला, तेच!

"दादांनी रुमाल हलवला न्हाई. लग्नाचं शूटिंग करणाऱ्यानं त्या शर्यतीची कॅसेट काढली होती, ती मिळाली मला. दादांचे दोन्ही हात कासऱ्यावर हायेत. पण मग शेवऱ्या वळला कशानं? ते सापडल्याबिगर कोण ऐकणार? म्हणून तर हे एवढं बारीक बारीक करून राहिलो. उतार, माती, वजन, सगळं खरं घातलं. गेममध्ये शंभरदा पळवला. तिथं तो वळतच न्हाई!"

त्यानं इअरफोनचं एक टोक माझ्या कानात दिलं, एक स्वतःच्या. आमची डोकी जवळ आली. एरवी मला तेवढ्यानंच घाम फुटला असता. गलका, चाकांचा खडखडाट... आणि मध्येच एक कोवळा, चिरका आवाज. "बा!"

"कुणाची तरी बारकी पोर बापाला हाक मारून राहिली," तो हळूच म्हणाला. "गेममध्ये हिची हाकही पायजे. तुम्ही द्याल आवाज?"

मी इअरफोन ओढून काढला आणि पावसात तशीच चालायला लागले. "शिवगंगा! काय झालं?" तो मागून ओरडत होता. मी वळले नाही.

आमच्या घरात कानडी बोलतात. आम्ही वडिलांना अप्पा म्हणतो. 'बा' म्हणजे 'ये'. रोज संध्याकाळी भाकरीचा तुकडा हातात धरून मी शेवऱ्याला "बा, बा" म्हणायचे आणि तो दावं ताणून माझ्याकडे यायचा. शर्यतीत तो पहिला येताना दिसला, मला राहवलं नाही. मी डाव्या अंगाला उभी होते. मी हाक मारली, आणि तो आला. बस्स, एवढंच झालं होतं.

चार दिवस मी त्याचा फोन उचलला नाही. पाचव्या दिवशी मेसेज आला, 'मडिवाळप्पांचं घर सापडलं. उद्या सकाळी जातोय.'

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी तो दारात उभा राहिला तेव्हा मी आतल्या दाराआड होते.

"हणमंतूचं पोरगं?" त्यानं ओळख सांगताच अप्पांची काठी आपटली. "माझ्या दारात? बाहीरच थांब!"

तो थांबला. उन्हात, लॅपटॉप छातीशी धरून. मग त्याची नजर माझ्यावर पडली.

"तुम्ही... इथं?"

"माझं घर आहे हे," मी म्हणाले. त्याचा चेहरा पडला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तरी त्यानं उंबऱ्याबाहेरूनच अप्पांना कॅसेट दाखवली. अप्पांनी बघितली, पण मान हलवली. "कॉम्प्युटरमंदी काय बी दावता येतंय. मग माझा शेवऱ्या वळला कशानं? सांग!"

आदिनाथ म्हणाला, "ते मला ठाऊक न्हाई. एखादं कारण घालून गेम पुरा करता आला असता. पण खोटं घालायचं न्हाई मला."

मला ते ऐकवलं नाही. बोलले नाही तर हा माणूस बापाचा डाग तसाच घेऊन परत जाणार होता. बोलले तर अप्पा... मी दाराआडून बाहेर आले.

"माझ्या हाकेनं वळला, अप्पा. कॅसेटमधली ती पोर मी आहे. मी शेवऱ्याला 'बा' म्हणाले."

अप्पांनी आवाज लावायला सांगितला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा ऐकून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"अठरा वर्सं! बोलली का न्हाईस?"

"तुमची भीती वाटायची..."

काठी त्यांच्या हातातून सुटली. मला वाटलं, आता संपलं सगळं. ते धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होते.

"सात वर्साची व्हतीस गं, येडे. अन् शेवऱ्यानं तरी काय केलं? घरची हाक आली, आला. लई गुणाचं जनावर..." मग त्यांनी कपाळावर हात मारला. "अन् मी त्या हणमंतूला गावोगाव शिव्या घातल्या."

त्यांनी दाराकडे बघितलं. आदिनाथ अजून उन्हातच होता.

"बा," अप्पा म्हणाले.

आदिनाथ गोंधळला. "मला... बा म्हणले?"

"ये म्हणाले!" मला हसू आणि रडू एकदमच फुटलं. "पाहुण्याला आम्ही 'बर्री' म्हणतो. 'बा' फक्त घरच्याला."

त्यानं चपला काढल्या आणि आत आला. चहा व्हायच्या आत अप्पांनी त्याच्याकडून मुरुडचा नंबर लावून घेतला. "हणमंतू, मी मडिवाळ..." एवढंच म्हणाले, आणि फोन कानाशी धरून परसात गेले ते चहा गार झाला तरी आत आले नाहीत.

निघताना तो कडुनिंबाखाली लावलेल्या गाडीपाशी थांबला. मी ओट्यावरच होते.

"खोटं बोललात तुम्ही माझ्याशी."

"भीत होते. आधी अप्पांना. मग..."

"मग?"

"मग तू यायचा बंद होशील, म्हणून." निघून गेलं तोंडातून. 'तू' म्हणाले मी त्याला!

त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू ते हसू आलं, मेल्याचं.

"हाक घालायची राहिलीय गेममध्ये," तो म्हणाला. "खरी पायजे. आधी मी म्हणून बघू का?"

"बघ."

त्यानं हात पुढे केला. "शिवगंगा... बा!" हाकेचा सूर साफ चुकला होता.

मी ओट्यावरून उतरले आणि सरळ त्याच्याकडे गेले.